शिवशिवणारा दात आणि एका सेकंदाची हवा

थंड पाण्याचा घोट घेतला आणि कळ थेट मस्तकात गेली, असं ज्याला कधी झालंय त्याला दात शिवशिवणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दुसऱ्याला ते दाखवणं मात्र अवघड. कीड नाही, सूज नाही, एक्स-रे साफ. दोन सेकंदांत कळ ओसरली की पुरावाही गेला. हा त्रास किती जणांना आहे, हेसुद्धा म्हणूनच धड सांगता येत नाही. २०१९ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तर कुठे १.३ टक्के, तर कुठे तब्बल ९२.१ टक्के! नुसतं विचारलं की तपासून पाहिलं, कोणाला विचारलं, यावर सगळं. आढावा घेणाऱ्यांनी शेवटी ११.५ टक्के हा त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज धरला.

कळ येते कशी, हे त्या मानाने बरंच उलगडलंय. एनॅमलच्या कवचाखाली डेंटिनचा थर असतो आणि त्यात आरपार बारीक नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. त्यांत द्रव भरलेला असतो. हिरडी खाली सरकली, हिरडीलगत दाताच्या मानेपाशी झीज झाली, की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. हा द्रव हलतो, अशी शंका स्विस दंतवैद्य आल्फ्रेड गिझी यांनी १९०० सालीच मांडली होती. ती प्रयोगांनी पक्की केली स्वीडनच्या मार्टिन ब्रॅन्स्ट्रॉम यांनी, १९६०च्या दशकात. गार लागलं की द्रव झटकन बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि नळीच्या आतल्या टोकाशी असलेली मज्जातंतूची टोकं ताणली जातात. फुंकर घालून दात सुकवला किंवा गोड लागलं तरी तेच. उष्णतेने द्रव उलट आत सरकतो, तोही हळूहळू, म्हणून गरम पेय सहसा एवढं झोंबत नाही.

१९८७ साली शिवशिवणारे आणि न शिवशिवणारे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारीशेजारी पाहिले गेले. दुखऱ्या दातांत उघड्या नळ्या सुमारे आठपट, आणि रुंदीला जवळपास दुप्पट. दुप्पट ऐकायला किरकोळ वाटतं. पण नळी दुप्पट रुंद झाली की तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून वाहणारा द्रव सोळापट होतो!

म्हणजे उपाय दोनच: नळ्या बुजवा, नाहीतर मज्जातंतूला गप्प करा. इथवर सोपं आहे. पण उपाय लागू पडला की नाही, हे ठरवायचं कसं?

शिवशिवणं कमी करणाऱ्या टूथपेस्टच्या चाचणीतला एक प्रसंग पाहा. माणूस खुर्चीत तोंड उघडून बसलाय. डॉक्टर शेजारचे दोन दात बोटांनी झाकतात, दुखऱ्या दातापासून एक सेंटिमीटरवर हवेची नळी धरतात आणि एक सेकंद फवारा सोडतात. मग गुण. काहीच झालं नाही तर शून्य. जाणवलं, पण थांबवा म्हटलं नाही, तर एक. थांबवा म्हटलं किंवा मान बाजूला घेतली, तर दोन. हे सगळं करून वर दुखलं असंही सांगितलं, तर तीन. याला शिफ मापनपट्टी म्हणतात. दुसरी तपासणी टोकदार सळईची: दाब दहा-दहा ग्रॅमने वाढवत न्यायचा आणि ‘दुखलं’ म्हणेल तो आकडा टिपायचा. आठ आठवडे पेस्ट वापरून झाल्यावर पुन्हा हेच. एका माणसाच्या दचकण्याला दुसऱ्याने दिलेले गुण, याहून कणखर माप अजून तरी हाती नाही.

त्यात गंमत अशी, की या चाचण्यांत औषध नसलेली पेस्ट मिळालेल्यांनाही आराम पडतो, आणि तो थोडाथोडका नसतो. निव्वळ मनाची समजूत म्हणून हे उडवून लावणं मला पटत नाही. एक तर शिवशिवणं कमीजास्त होतच असतं आणि माणूस चाचणीत येतो तो त्रास शिगेला पोहोचलेला असताना; पुढे तो आपसूकही उतरतो. चाचणीत आहोत म्हटल्यावर दात नीट घासले जातात. साध्या पेस्टमध्येही बारीक पूड आणि बहुधा फ्लोराइड असतं. घासताना ती पूड नळ्यांच्या तोंडांवर बसते. शिवाय लाळ असतेच. तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट न सांगता नळ्या लिंपत असतं.

औषधाला या सगळ्यावर मात करायची असते. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट घ्या. पोटॅशियमने मज्जातंतू थंडावतो, ही कल्पना चांगली. पण दातातला द्रव गाभ्याकडून बाहेर झिरपत असतो, म्हणजे पोटॅशियमला उलट्या प्रवाहात पोहत आत जायचंय. २००६ साली कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने सहा चाचण्या एकत्र तोलल्या, आणि स्पष्ट पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला.

नळ्या बुजवणाऱ्यांची मंडळी मोठी आहे: स्ट्रॉन्शियम, स्टॅनस फ्लोराइड, लाळेच्याच कामाची नक्कल करणारं आठ टक्के आर्जिनिन. यातली जैवकाच मला विशेष आवडते. १९६९ साली लॅरी हेंच यांनी ती बनवली हाडाला जुळून येणारी काच म्हणून. तिचीच पूड पुढे टूथपेस्टमध्ये आली. यांच्या बाजूने मिळणारे निकाल पोटॅशियमपेक्षा बरे वाटतात, तरी चाचण्यांचा खर्च बऱ्याचदा पेस्ट विकणाऱ्या कंपन्यांनीच केलेला असतो, हे विसरून चालणार नाही. जाहिरातीत दिसणारी चित्रं तर बहुतेक प्रयोगशाळेतल्या डेंटिनच्या चकतीची. त्या चकतीला ना आंबट खावं लागतं, ना रोज दोनदा ब्रश सोसावा लागतो.

दवाखान्यात मिळणाऱ्या लेसरची कथाही फार वेगळी नाही. तुलनेसाठी काही जणांच्या दातापाशी यंत्र तसंच धरतात, फक्त किरण बंद ठेवतात. २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्याने अशा चाचण्या तपासल्या. लेसरने थोडाफार फायदा होत असावा, पण पुरावा कच्चा, असं त्यांचं म्हणणं पडलं. किरण बंद असलेल्या खुर्चीतूनही काही जण दात शिवशिवायचा कमी झाला म्हणत उठतात.