कॉलेजच्या संघात यायला स्वतःचा घोडा लागत नाही

अमेरिकेतल्या कॉलेजच्या घोडेस्वारी संघात ज्यांच्याकडे स्वतःचा घोडा आहे आणि जे लहानपणापासून शिकलेत त्यांनाच जागा मिळते, असा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे.

आयएचएसए ही कॉलेजांमधल्या घोडेस्वारी स्पर्धा भरवणारी आंतरमहाविद्यालयीन संघटना 1967 मध्ये एका विद्यार्थ्याच्याच पुढाकाराने सुरू झाली. तिच्या स्पर्धांत घोडे यजमान कॉलेज पुरवतं आणि कोणाला कुठला घोडा, हे सोडतीने ठरतं. नाव पुकारलं की त्या अनोळखी घोड्यावर बसायचं, रिकिबीची लांबी जुळवायची आणि सरळ रिंगणात जायचं. आधी एक फेरीसुद्धा मारू देत नाहीत. परीक्षक घोडा जोखत नाहीत, स्वाराची बैठक आणि हुकमत पाहतात.

गट अनुभवावरून पडतात. सर्वांत खालच्या गटात फक्त चाल आणि दुडकी. वरच्या गटांत अडथळ्यांवरून उड्या. गुण साठले की वरच्या गटात जावंच लागतं.

मला सगळ्यात भावतं ते गुणांचं गणित. पहिल्या क्रमांकाला 7 गुण. संघासाठी गुण मिळवायला आधीच नेमलेला स्वार असेल, तर नवख्याचे 7 आणि मुरलेल्या स्वाराचे 7 संघाच्या खात्यात सारखेच जमा होतात.