इंदूर ते लेह : अंतर, वेळ आणि १९४८ ची धावपट्टी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांत लडाखचा बेत निघतो आणि विमानाने लेहला किती वेळ लागतो, हा प्रश्न हमखास येतो. नकाशावर सरळ रेघ ओढली तर हे अंतर सुमारे १,२८० किलोमीटर भरते, म्हणजे जेट विमानाला दोन तासही लागू नयेत. नेहमीचा मार्ग मात्र दिल्लीवरून जातो आणि तिथे पुष्कळदा रात्र काढावी लागते. याचे कारण किलोमीटरांत सापडत नाही.

होळकर संस्थानाने १९३५ मध्ये इंदूरच्या बिजासनजवळ विमानतळ बांधण्याचे ठरवले आणि जुलै १९४८ मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे विमानसेवा सुरू झाली. त्याच्या दोनच महिने आधी, २४ मे १९४८ रोजी, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहमध्ये पहिले डाकोटा विमान उतरवले होते. इंदूरची सेवा प्रवाशांच्या सोयीसाठी होती. लेहला विमान पोहोचले ते गाव वाचवण्यासाठी. १९४७-४८ च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानी बाजूचे हल्लेखोर लेहच्या दिशेने सरकत होते, श्रीनगर-लेह मार्गावरील जोझी ला खिंडीची वाट शत्रूच्या हाती जात होती, आणि श्रीनगरहून पायी कुमक पोहोचायला सुमारे दोन आठवडे लागत. अशा वेळी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमांवर धावपट्टी तयार करून घेतली. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उड्डाणाचे मोल कळते.

तीच जागा आजच्या वेळापत्रकालाही बांधून ठेवते. लेहचा कुशोक बाकुला रिम्पोचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा मुळातच विरळ, त्यामुळे पंखांना उचल आणि इंजिनाला जोर कमी मिळतो. दुपारी ऊन वाढले की ती आणखी विरळ होते आणि दरीतून वारे सुटतात. धावपट्टीच्या एका अंगाला डोंगर चढत जात असल्याने उतरणे आणि उड्डाण बहुधा परस्परविरुद्ध दिशांनी होते. म्हणून विमाने मुख्यतः सकाळी ये-जा करतात, आणि इंदूरहून सकाळी निघणाऱ्याला त्याच दिवशी पुढचे विमान गाठणे कठीण जाते.

आपल्याकडे प्रवासाचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट सुटते, आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर ती कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या काळी पायी जाणाऱ्याचे शरीर त्या दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उंचीला सरावत असे. दिल्लीहून विमानाने जाणारा माणूस दीड तासाच्या आत तीन हजार मीटर वर पोहोचतो. लेहमध्ये उतरल्यावरचे पहिले दोन दिवस विश्रांतीचे असतात, आणि ते प्रवासाच्या वेळेतच धरायला हवेत.