मोल्ट्री ध्वज आणि सलिव्हन्स बेटाची लढाई

मोल्ट्री ध्वज : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात साउथ कॅरोलायना वसाहतीच्या फौजेने वापरलेले निशाण. निळ्या कापडावर काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर, एवढीच त्याची रचना. सप्टेंबर १७७५ मध्ये बंडखोरांनी चार्ल्सटन बंदरातला फोर्ट जॉन्सन ताब्यात घेतला, तेव्हा इशाऱ्यांसाठी निशाणाची गरज पडली. ते तयार करण्याचे काम कर्नल विल्यम मोल्ट्रीकडे आले. त्याच्या शिपायांचे गणवेश निळे होते आणि टोप्यांवर रुपेरी कोर होती. ध्वजाचा रंग व चिन्ह दोन्ही तिथूनच घेतले.

ध्वज नावारूपाला आला तो २८ जून १७७६ च्या लढाईने. बंदराच्या तोंडाशी असलेल्या सलिव्हन्स बेटावर मोल्ट्री एक किल्ला बांधत होता आणि अंगमेहनतीचे बरेचसे काम गुलाम आफ्रिकी मजुरांकडून करून घेतले जात होते. पाल्मेटो या ताडाच्या ओंडक्यांच्या दोन भिंती एकमेकींपासून १६ फुटांवर उभ्या करून मधली जागा वाळूने भरलेली. मागची बाजू अपुरीच होती. बंडखोरांचाच जनरल चार्ल्स ली तर किल्ला सोडून द्यावा अशाच मताचा होता. पण पाल्मेटोचे खोड मऊ आणि तंतुमय असते. गोळा लागला की ते तडकत नाही, गोळा आत रुतून बसतो. ओकसारख्या कठीण लाकडाच्या उडणाऱ्या ढलप्यांनी माणसे मरतात, तो धोका इथे नव्हता.

चालून आलेल्या इंग्रज आरमारात, सर पीटर पार्करच्या हाताखाली, ५० तोफांची ‘ब्रिस्टल’ आणि ‘एक्स्परिमेंट’ ही मोठी जहाजे होती. उखळी तोफांच्या ‘थंडर’ने फार लांब नांगर टाकला, पल्ला वाढवण्यासाठी जास्त दारू ठासल्यामुळे तिच्या उखळींच्या बैठकीच मोडल्या. किल्ल्याच्या उघड्या बाजूवर मारा करायला निघालेली तीन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) वाळूच्या दांड्यावर रुतली. त्यांतल्या दोन सुटल्या, ‘अ‍ॅक्टिऑन’ मात्र दुसऱ्या दिवशी तिच्याच खलाशांना पेटवून द्यावी लागली. शेजारच्या बेटावरून इंग्रज सेनापती क्लिंटनची फौज ब्रीच इनलेट ही मधली खाडी चालत ओलांडणार होती, पण तिथे पाणी सुमारे सात फूट खोल निघाले. या फौजेतला कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला आणि १७९२ मध्ये मराठ्यांसह श्रीरंगपट्टणवर चालून गेला.

किल्ल्यात दारू फार थोडी होती. लढाई चालू असताना साउथ कॅरोलायनाचा अध्यक्ष रटलेजने ५०० पौंड पाठवली. मोल्ट्रीने म्हणूनच सावकाश, नेम धरून आणि मुख्यतः दोन मोठ्या जहाजांवर मारा चालवला. विजयाचे खरे श्रेय वाळूइतकेच या संयमालाही आहे.

एका गोळ्याने काठी मोडून ध्वज तटाबाहेर पडला. शहरातून पाहणाऱ्यांना वाटले, किल्ला शरण गेला. सार्जंट विल्यम जॅस्परने बाहेर उडी मारून ध्वज आणला, तोफ पुसण्याच्या दांड्याला बांधला आणि बुरुजावर रोवला. किल्ल्यातले १२ जण ठार झाले. एकट्या ‘ब्रिस्टल’वर ४० जण मेले. जॅस्पर १७७९ मध्ये सव्हाना शहरावरच्या हल्ल्यात मारला गेला. चार्ल्सटनही मे १७८० मध्ये इंग्रजांच्या हाती पडले.

जानेवारी १८६१ मध्ये राज्याने याच निळ्या ध्वजावर मधोमध पाल्मेटोचे झाड घातले. तोच आजचा राज्यध्वज. बाजारात मिळणाऱ्या अनेक प्रतिकृतींत कोरीवर किंवा खाली ‘लिबर्टी’ हा शब्द असतो. मोल्ट्रीने आठवणींत केलेल्या वर्णनात तो नाही, त्यामुळे १७७५ च्या ध्वजाची प्रतिकृती करताना कोर कोरीच ठेवावी.