घेरी आलेल्याला उभं धरू नका

श्रावणी सोमवार होता. ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या लोकलमध्ये माझ्याशेजारी उभी असलेली कॉलेजची मुलगी आधी जांभया देऊ लागली, मग तिचे ओठ पांढरे पडले, कपाळ घामाने डबडबलं. "ताई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," म्हणाली आणि तिचे पायच गेले. बायकांनी काखेत हात घालून तिला उभंच धरून ठेवलं. पडू नये ही त्यामागची माया, पण घेरी आलेल्याला उभं ठेवणं घातक असतं.

मूर्च्छा वेग ओसरला की आपोआप शमते, संन्यास म्हणजे गाढ बेशुद्धी मात्र औषधाविना शमत नाही, हा फरक चरकसंहितेतच सांगितलाय. साधी घेरी आणि गंभीर बेशुद्धी वेगळी ओळखायची, हे काम आजही डॉक्टरांपुढे पहिलं असतं.

घेरी येते कशी, याचा मोठा उलगडा ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३२ साली केला. घेरीत नाडी मंदावते, म्हणून त्यांनी नाडी वाढवणारं ॲट्रोपिन दिलं. नाडी वाढली, पण रक्तदाब खालीच राहिला. म्हणजे नुसती नाडी मंदावते असं नव्हे, रक्तवाहिन्याही सैलावतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं. आडवं केलं, पाय उंचावले की ते परत फिरतं. ऐरोलीला त्या मुलीला फलाटावर निजवलं, पाय तिच्याच सॅकवर ठेवले. मिनिटभरात गालांवर रंग आला.

१९८६ साली लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णाला तिरप्या टेबलावर बराच वेळ उभं ठेवून घेरी मुद्दाम आणून पाहण्याची चाचणी मांडली. तरुणांपैकी बहुतेकांना तिची गरज पडत नाही. काय घडलं ते नीट विचारणं, निजून आणि उभं राहून रक्तदाब मोजणं, आणि ईसीजी, एवढ्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. ईसीजी मात्र टाळू नये. लाँग क्यूटी (१९५७) आणि ब्रुगाडा (१९९२) हे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारे, जिवावर बेतणारे विकार सापडले ते त्याच कागदावर. धावताना शुद्ध गेली, आडवं असताना गेली, काहीच चाहूल न लागता गेली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञ गाठायलाच हवा.

बाकीच्यांना भरपूर पाणी, वेळेवर खाणं, आणि एक साधी युक्ती. अंधारी येऊ लागताच पायांची कात्री करून मांड्या, पोट आवळायचं, मुठी घट्ट वळायच्या. त्याने पुन्हा घेरी येण्याचं प्रमाण घटतं, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. भरलेल्या डब्यात, दांडी न सोडताही हे जमतं. त्या मुलीला फलाटावर मी हेच करून दाखवलं.