गोमाँ की पाथे? थिएटरच्या पाटीवर जाऊ नका

गोमाँ आणि पाथे या फ्रान्सच्या दोन जुन्या चित्रपट कंपन्या. फ्रेंच चित्रपट सुरू होताना पडद्यावर डेझीचं फूल आलं, तर तो गोमाँचा. कोंबडा आला, तर पाथेचा. काम कुणाचं हे कळायला एवढी खूण पुरते. घोळ होतो तो थिएटरच्या पाटीवरून.

गोमाँ 1895 ची. आज चालू असलेली जगातली सर्वांत जुनी चित्रपट कंपनी. मूळ धंदा कॅमेरे आणि फोटोग्राफीच्या सामानाचा. लिऑन गोमाँची सेक्रेटरी ॲलिस गी हिने तिथे चित्रपट करायला घेतले आणि जवळपास दहा वर्षं कंपनीची निर्मिती सांभाळली. जगातल्या अगदी पहिल्या दिग्दर्शिकेचं नाव इतकी वर्षं मागे पडलं, याची खंत वाटते.

पाथे बंधूंनी 1896 मध्ये कंपनी काढली, तीही फोनोग्राफच्या जोरावर. शार्ल पाथेचं डोकं पक्कं व्यापारी. त्या काळी प्रिंट, म्हणजे चित्रपटाच्या फिल्मची प्रत, लांबी मोजून मीटरच्या दराने विकली जाई. एकदा हातची गेली की ती या जत्रेतून त्या जत्रेत फिरे. ओरखडे पडलेली, तुटून चिकटवलेली प्रिंट स्वस्तात मिळत असताना नवी कोण घेणार? 1907 पासून पाथेने प्रिंट भाड्याने द्यायला सुरुवात केली: खेळ संपले की प्रिंट परत. जुना माल बाजारातून उठला आणि नव्या चित्रपटाला दर आठवड्याला गिऱ्हाईक मिळू लागलं. आजचं वितरण याच पायावर उभं आहे.

पुढे दोन्ही कंपन्या सेदू भावांकडे आल्या: गोमाँ निकोलाकडे, पाथे जेरोमकडे. 2001 मध्ये त्यांनी थिएटरं एकत्र केली. पाथेचा वाटा 66 टक्के, गोमाँचा 34. हा 34 टक्के वाटा 2017 मध्ये पाथेने 38 कोटी युरोंना विकत घेतला. म्हणून जुन्या थिएटरवर ‘गोमाँ’ लिहिलेलं दिसलं, तरी धंदा पाथेचा. गोमाँकडे राहिली निर्मिती, वितरण आणि जुन्या चित्रपटांचे हक्क. नेटफ्लिक्सवरची ‘ल्युपँ’ मालिका तिचीच.

माहितीपटासाठी जुन्या फ्रेंच वृत्तचित्राचा तुकडा हवा असेल, तर या दोघींपैकी कुणा एकीला लिहून भागत नाही. दोघींचे साठे एका सामाईक संस्थेत आहेत, तिचं नाव जीपी आर्काइव्ह, आधीचं गोमाँ-पाथे आर्काइव्ह. ‘ब्रिटिश पाथे’ ही मात्र निराळी कंपनी. भारताच्या स्वातंत्र्यकाळातली जी दृश्यं यूट्यूबवर तिच्या नावाने दिसतात, त्यांच्या हक्कांसाठी पॅरिसला नव्हे, लंडनला लिहावं लागतं.