उंचावरचे शिंपले आणि जुन्या समुद्राचं तापमान

स्वीडनमधल्या उद्देवालाजवळ टेकड्यांच्या उतारावर शिंपल्यांचे थरच्या थर आहेत. समुद्र तिथून कितीतरी खाली. १७४६ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस ते पाहून गेला. १८३४ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल आला, तेव्हा त्या परिसरातल्या उंचावरच्या खडकाला बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटून राहणारे कवचधारी समुद्री प्राणी) अजून चिकटलेले त्याला दिसले. सुटे शिंपले पुराने वर आणून टाकले असं म्हणता येईल, पण बार्नेकल खडक धरतो तो जिवंतपणी, समुद्राच्या पाण्यात. म्हणजे समुद्र खरोखरच तिथे होता. पुढच्याच वर्षी चिलीच्या भूकंपात किनारा वर उचलला गेला आणि खडकांवरचे शिंपले उघड्यावर मरून सडले. डार्विनने त्याची नोंद केली.

त्या काळी शिंपल्यांना बहुतेक एकच प्रश्न विचारला जाई: जमीन किती वर आली? ‘पाणी किती थंड होतं?’ हा माझ्या मते जास्त मोलाचा प्रश्न नेटाने विचारला तो ग्लासगोच्या जेम्स स्मिथने. हा व्यापारी माणूस, नौकानयनाचा शौकीन. स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या खाडीकाठी उंचावरच्या चिकणमातीत सापडणाऱ्या काही जाती आता त्या खाडीत राहत नाहीत, आर्क्टिकमध्ये मात्र जिवंत आहेत, हे त्याने १८३० च्या दशकात ओळखलं. अशा मातीत कधीकधी शिंपल्याची दोन्ही कवचं मिटलेली, जोडलेलीच मिळतात. लाटांनी घोळवलेला शिंपला असा राहत नाही. तो प्राणी तिथेच जगला आणि तिथेच गाडला गेला.

थंडी आणि उंची यांचा सांधा जुळवला स्कॉटिश भूशास्त्रज्ञ थॉमस जेमिसनने, १८६५ मध्ये. हिमस्तराच्या, म्हणजे हिमयुगात जमिनीवर साचलेल्या प्रचंड जाड बर्फाच्या, वजनाने जमीन दबते आणि बर्फ वितळल्यावर सावकाश वर येते. भूमध्य समुद्राकाठी मात्र उलटी साक्ष मिळाली. आज पश्चिम आफ्रिकेच्या उबदार पाण्यात राहणारा एक जाडजूड शंख तिथल्या जुन्या किनाऱ्यांत सापडतो. तो सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीच्या, दोन हिमयुगांमधल्या उबदार काळाची खूण ठरला.

जातीवरून थंड की उबदार एवढंच कळे. तापमानाचा आकडा मिळू लागला तो अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांमुळे, १९४७ नंतर. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजनच्या जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण थोडं वाढतं. कवच थराथराने वाढतं, त्यामुळे एकाच शिंपल्यातून उन्हाळे-हिवाळे वेगळे काढता येतात. अडचणही आहे: हिमस्तरांत हलका ऑक्सिजन अडकतो आणि समुद्राच्या पाण्यातलंच हे प्रमाण बदलतं, म्हणून नुसत्या कवचावरून तापमान ठरवणं धोक्याचं.

आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या उंचावलेल्या किनाऱ्यांवर निळ्या शिंपल्याची कवचं विपुल आहेत, शेवटचं हिमयुग संपल्यानंतरच्या उबदार काळातली. पुढे पाणी थंडावलं आणि तो तिथून नाहीसा झाला. सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर, २००४ मध्ये, तो तिथे पुन्हा जिवंत सापडला.