डबा उघडल्यानंतरची २० मिनिटे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या स्वयंपाकघरातून रोज सकाळी निघणारे डबे कर्वेनगर, एरंडवणे, बाणेर आणि थेट हिंजवडीपर्यंत जातात आणि संध्याकाळी परत येतात. डबे घासायला टाकण्यापूर्वी प्रत्येक कप्पा उघडून पाहण्याची आमच्याकडे पद्धत आहे, कारण कोणती भाजी आवडली आणि कोणती नाही हे त्यातून जितके कळते तितके विचारून कळत नाही. गेल्या काही वर्षांत त्यातून आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात येऊ लागली आहे. पोळ्यांचा कप्पा बहुधा रिकामा असतो, भाजी निम्मी उरलेली असते आणि कोशिंबिरीच्या वाटीचे झाकण अनेकदा उघडलेलेही नसते. कोशिंबीर बिघडली असावी म्हणून आम्ही सुरुवातीला दही बदलून पाहिले, काकडी अधिक बारीक चोचवली, पण वाट्या तशाच परत येत राहिल्या. पुढे ग्राहकांशी बोलताना उलगडा झाला. पोळीची गुंडाळी एका हातात धरून दुसऱ्या हाताने काम चालू ठेवता येते, परंतु कोशिंबीर खायची तर समोरचे काम बाजूला ठेवावे लागते, आणि तेवढी सवड कोणी काढत नाही.

हे माहितीपत्रक त्या सवडीविषयी आहे. अन्न ताजे, स्वच्छ आणि बेताच्या तेलामसाल्याचे असावे ही जबाबदारी आमची आहे आणि ती आम्ही कोणावरही ढकलत नाही. मात्र तेच अन्न कसे खाल्ले जाते यावर त्याचे पचन बरेचसे अवलंबून असते, आणि तो भाग सर्वस्वी आपल्या हातात आहे.

एका ग्राहकांची तक्रार आम्हाला या विषयाकडे घेऊन आली. दुपारच्या जेवणानंतर पोट जड होते, आंबट ढेकर येतात, तेव्हा तेल कमी करावे, असे त्यांनी कळवले होते. आम्ही तेल कमी केले, आमटीचा मसाला उतरवला, हरभऱ्याच्या डाळीऐवजी मुगाची डाळ दिली, तरी फरक पडेना. शेवटी आपण जेवता कधी आणि कसे, असे विचारले, तेव्हा दोन मीटिंगांच्या मधल्या सात-आठ मिनिटांत, पडद्याकडे पाहत आपला डबा संपतो, असे त्यांनी सांगितले. त्यांनी जागेवरून उठून कँटीनमध्ये बसून सावकाश जेवायला सुरुवात केली. तक्रार पूर्णपणे गेली असे नाही, मसालेदार आमटीच्या दिवशी त्यांना अजूनही त्रास होतो, परंतु रोजची गोळी सुटली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुटली, हे त्यांनी आवर्जून कळवले.

तोंडात काय घडते

पचनाची सुरुवात पोटात होत नाही, तोंडात होते. आपल्या लाळेत अमायलेज नावाचे एक पाचकद्रव्य असते आणि ते पोळी, भात, भाकरी यांतील पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर करू लागते. याचा पडताळा आज डबा उघडल्यावर घेता येईल. पोळीचा एक लहान तुकडा भाजीशिवाय तोंडात घ्यावा आणि गिळण्याची घाई न करता अर्धा-पाऊण मिनिट चावत राहावा. प्रथम पिठाची चव लागते, मग घास मऊ होत जातो आणि शेवटी जिभेच्या कडांना स्पष्ट गोडवा जाणवतो. हा गोडवा पोळीत आधीपासून नव्हता, तो आपल्या लाळेने तयार केला. जो घास दोन-तीनदा चावून पाण्याबरोबर ढकलला जातो, त्याच्या वाट्याला हे काही येत नाही. पोटाला दात नसतात, त्यामुळे तोंडाने टाळलेले दळणाचे काम जठराला करावे लागते आणि जेवण पोटात रेंगाळते. शिवाय भराभर खाताना घासाबरोबर हवाही गिळली जाते. पोट फुगल्यासारखे वाटणे आणि वारंवार ढेकर येणे, यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

प्रत्येक घास ३२ वेळा चावावा असे पूर्वापार सांगितले जाते. आमच्या मते मोजण्याची गरज नाही, कारण मोजू लागले की लक्ष आकड्याकडे जाते आणि चव बाजूला राहते. घासातला कण जिभेला टोचेनासा झाला, की गिळावा. भाताला हे लवकर साधते, ज्वारीच्या भाकरीला आणि मोडाच्या मटकीला वेळ लागतो.

तोंडाच्याही आधी नाक आणि डोळे कामाला लागलेले असतात. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते आणि त्याच वेळी जठरातही पाचकरस पाझरू लागतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच प्रयोगांच्या आधारे. म्हणूनच डबा उघडल्याबरोबर पहिला घास न घेता सर्व कप्पे समोर मांडून क्षणभर पाहावेत आणि वास घ्यावा, असे आम्ही सुचवतो. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालण्याची आणि श्लोक म्हणूनच जेवायला सुरुवात करण्याची रीत होती. तिचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने ठरवावा, पण वाढलेल्या ताटासमोर क्षणभर थांबण्याची सवय त्या रीतीने अनेक पिढ्यांना लावली, हे निश्चित.

मनःस्थितीचा पोटाशी संबंध आहे हे आजी सांगत असे, तसेच ते प्रत्यक्ष पाहिलेही गेले आहे. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला आणि जखम भरताना जठराला बाहेरून एक छिद्र कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्या छिद्रातून पुढे कित्येक वर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ साली ते प्रसिद्ध केले. हा माणूस रागावलेला किंवा घाबरलेला असताना त्याच्या जठराचे अस्तर बदललेले दिसते आणि पचन बिघडते, अशी नोंद त्यांनी केली आहे. ताणाच्या वेळी शरीर रक्तपुरवठा स्नायूंकडे वळवते आणि पचनाचे काम मागे पडते. वरिष्ठांचा रागाचा ईमेल वाचत घेतलेला घास आणि शांतपणे घेतलेला घास यांत म्हणूनच फरक पडतो, मग भाजी एकाच कढईतली का असेना.

पोट भरल्याचा निरोप

जेवण सुरू झाल्यावर आतड्यांतून काही संप्रेरके रक्तात मिसळतात, जठर ताणल्याची सूचना मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते आणि मग ‘आता पुरे’ असे वाटू लागते. या साऱ्याला साधारण २० मिनिटे लागतात. आठ मिनिटांत डबा संपवणाऱ्याला हा निरोप मिळतो तेव्हा शेवटची पोळी खाऊन झालेली असते. पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि एक रिकामा ठेवावा, असे आयुर्वेद सांगतो. तो चौथा भाग ओळखता येण्यासाठीही जेवणात थोडा वेळ जावा लागतो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पानात टाकायचे नाही, हा संस्कार आपल्यापैकी बहुतेकांवर झालेला आहे आणि तो चांगलाच आहे. परंतु पोट भरल्यानंतरही केवळ टाकवत नाही म्हणून उरलेली पोळी संपवणे, हे अन्नाचा मान राखणे नव्हे. घरी आधी कमी वाढून घेऊन मग पुन्हा वाढता येते, डब्याच्या बाबतीत ती सोय नसते. त्यासाठी जेवायला बसण्यापूर्वीच एक पोळी आणि थोडी भाजी झाकणात काढून ठेवावी, लागली तर घ्यावी, नाही तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावी. डबा मिळाल्यावर तो टेबलावर तीन-साडेतीनपर्यंत तसाच ठेवू नये, ही विनंतीही येथेच करतो, कारण शिजलेले अन्न, विशेषतः भात, साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक वेळ राहणे सुरक्षित नाही.

लक्ष देऊन जेवण्याला आता ‘माइंडफुल इटिंग’ म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली ताणतणावांवरील जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात एकच बेदाणा हातात घेऊन, पाहून, हुंगून, सावकाश चावून खाण्याचा सराव देतात. संपूर्ण डबा तशा रीतीने खाणे कोणालाही शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पहिले पाच घास तसे घ्यावेत. घास तोंडात असताना हातातला चमचा खाली ठेवावा, मोबाइल खिशात किंवा पिशवीत ठेवावा. अशा जेवणाने वजन हमखास उतरते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. मन अस्वस्थ असताना भूक नसतानाही खात सुटण्याच्या सवयीवर मात्र त्याचा उपयोग होतो, असे आढळले आहे.

भूक ओळखणे हाही याचाच भाग आहे. पोटात कावळे ओरडतात असे आपण म्हणतो, तो आवाज खरा असतो. पोट रिकामे असताना साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी जठर आणि लहान आतड्यातून आकुंचनाची एक लाट जाते आणि मागे राहिलेले अन्नकण पुढे लोटून केर काढल्यासारखी जागा साफ करते. काहीही खाल्ले की ही लाट थांबते. चहाबरोबर दोन बिस्किटे, मग शेंगदाणे, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, असे दिवसभर तोंड चालू राहिले तर या झाडलोटीला सवडच मिळत नाही.

काही नेहमीच्या शंका

उसळीने गॅस होतो, ही तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त येते. कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या पचवणारे द्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू त्यांवर गुजराण करतात आणि वायू तयार होतो. म्हणून आम्ही मटकी, मूग रात्रभर भिजवून पाणी फेकून देतो, मोड आणतो आणि मगच शिजवतो. त्याने त्रास कमी होतो, शून्य होत नाही. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. उसळ वर्ज्य करू नये, कारण याच जिवाणूंचे पोषण मोठ्या आतड्याच्या आरोग्यासाठी आवश्यक असते.

जेवताना पाणी प्यावे की नाही, यावर घराघरांत वाद असतात. अधूनमधून घोटभर पाणी घेतल्याने पाचकरस निकामी होत नाहीत. न चावलेला घास पाण्याने उतरवणे मात्र टाळावे.

डब्यात येणारी लिंबाची फोड शोभेसाठी नसते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीराला अधिक मिळते, आणि उष्णतेने हे जीवनसत्त्व घटते म्हणून फोड वेगळी दिली जाते. याच्या उलट चहा-कॉफीतील द्रव्ये लोहाचे शोषण अडवतात, तेव्हा जेवणानंतरचा चहा तासाभराने घ्यावा. पंडुरोग असलेल्यांनी, आणि आमच्या ग्राहकांपैकी बहुतेक स्त्रियांनी, याकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते.

दुपारची विश्रांती पुणेकरांना प्रिय आहे. जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येऊ शकते, म्हणून झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास जाऊ द्यावेत, हे रात्रीच्या जेवणाला अधिक लागू आहे. थोडे पडायचेच असेल तर डाव्या कुशीवर पडावे. जठराच्या रचनेमुळे त्या कुशीवर आम्ल वर येण्याची शक्यता कमी असते, आणि वामकुक्षी या शब्दाचा मूळ अर्थही डावी कूस असाच आहे. त्याहून शतपावली बरी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने रक्तातील साखर एकदम चढत नाही.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे पेठांतील विद्यार्थी समोर नोट्स ठेवून जेवतात, हे आम्ही डबे पोहोचवताना रोज पाहतो. त्यांची घाई आम्हाला समजते आणि त्यांच्याविषयी काळजीही वाटते. निदान जेवणापुरते वहीचे पान उलटे ठेवावे, एवढेच त्यांना सांगणे आहे.

गिळताना अडकणे, शौचातून रक्त जाणे किंवा शौच काळसर होणे, कारणाशिवाय वजन घटणे, सतत उलट्या होणे किंवा पोटात वारंवार तीव्र दुखणे, यांवर सावकाश जेवणे हा उपाय नाही. अशा वेळी विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ आणि प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे.

या महिन्यापासून कोशिंबीर वरच्या कप्प्यात आणि पोळ्या खालच्या कप्प्यात ठेवल्या जातील, म्हणजे डबा उघडताच प्रथम कोशिंबीर समोर येईल. दोन पोळ्यांचा डबाही उपलब्ध आहे आणि त्याचा दर त्या प्रमाणात कमी राहील. पोळ्यांची संख्या, उसळीचे प्रमाण किंवा तिखट यांत बदल हवा असल्यास आदल्या रात्री ८ वाजेपर्यंत कळवावे, आणि एखादा पदार्थ सतत परत जात असेल तर त्याचे कारण डब्यासोबत एका चिठ्ठीवर लिहून पाठवावे. घासायला टाकण्यापूर्वी प्रत्येक डबा उघडला जातो, त्यामुळे चिठ्ठी आमच्या हाती नक्की पडेल.